धुतलेली बशी

डब्याचं झाकण उघडलं आणि घड्याळवाल्या आजोबांनी ते लगेच परत लावलं. मग धीर करून पुन्हा उघडलं. वास तोच. बियांवर पांढरी बुरशी धरली होती आणि बोटांत घेतलेल्या बीचा भुगा होत होता.

झालं! चाळीस वर्षं परसात येणारं कलिंगड त्या डब्यात संपलं. बाजारात मिळतं ते नव्हे हो. हे काळपट हिरवं, हंड्याएवढं, बायकोच्या आजीच्या घरून आलेलं. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडून टाकायची, मग ते असं फुगायचं. बिया बायको दहा दिवस सावलीत वाळवायची. गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली आणि आजोबांनी दोनच दिवसांत बिया डब्यात कोंबल्या. पुढच्या महिन्यात ती गेली. जाताना म्हणाली होती, "वेल चुकवू नका."

सगळ्या बिया एकाच डब्यात नकोत, हे ती दरवर्षी सांगायची. "घड्याळाला मेन स्प्रिंग एकच असते," आजोबा ठणकावायचे. मागच्या वर्षीच्या उरलेल्या बियाही ते फेकून द्यायचे, जुना माल म्हणून. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण घरात कुणाचं ऐकतील तर शपथ!

कलिंगड कापलं की गल्लीभर फोडी जायच्या. आजोबांचा नियम कडक होता. फोड खा, पण बिया बशीत घालून परत करा. सगळे करायचे. एक शेजारच्या शिवणकामवाल्या बाई सोडून. त्यांची बशी यायची ती घासूनपुसून लख्ख, औषधालाही बी नाही. आजोबांनी त्यांचं नाव 'बशीबाई' ठेवलं आणि ते तोंडावर म्हणायलाही कमी केलं नाही. बायको मात्र सगळ्यात मोठी फोड त्यांनाच द्यायची. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," आजोबा कुरकुरायचे. बायको नुसती हसायची.

बुरशीतून बऱ्या दिसल्या तेवढ्या बिया आजोबांनी पेरल्या. पंधरा दिवस आळ्यापाशी बसून काढले. मातीनं हूं की चूं केलं नाही.

सोळाव्या दिवशी कुंपणापलीकडून बशीबाईंनी विचारलं, "भाऊ, यंदा वेल नाही का?"

"नाही! तुमचा बशी धुवायचा त्रास वाचला," आजोबा फटकन बोलले. मग राहवलं नाही, काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

बाई आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. त्यात हाताने शिवलेल्या सात चिमुकल्या थैल्या होत्या, सात कापडांच्या. प्रत्येकीवर दोऱ्याने वर्ष काढलेलं आणि आत आठ-दहा काळ्याभोर, खडखडीत वाळलेल्या बिया.

"म्हणजे तुम्ही ढापत होतात!"

"आधी पेरा," बाई म्हणाल्या.

सहाव्या दिवशी कोंब आले. वेल पसरला, फळ धरलं. आजोबांनी एक ठेवून बाकीची खुडली, खाली गवत घातलं आणि रोज सकाळी त्याला कान लावू लागले. देठाजवळची वेलाची पिळाची तार वाळली, म्हणजे फळ पिकलं, तसं ते काढलं. सून ते कवेत घेऊन वजनकाट्यावर उभी राहिली, पण स्वतःचं वजन काही सांगेना. त्यामुळे 'तीस किलोंच्या वरच असेल' एवढ्यावर भागवावं लागलं.

पहिली फोड घेऊन आजोबा स्वतः शेजारी गेले. सोबत रिकाम्या थैल्याही नेल्या. मोठ्या मनाने म्हणाले, "घ्या. झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुम्हाला माफ केलं."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "भाऊ, थैल्यांचं कापड तरी ओळखलंत का?"

आजोबांनी थैल्या उलटसुलट करून पाहिल्या. निळं फुलांचं. पिवळं चौकटीचं. हा जांभळा तुकडा तर तिच्या शेवटच्या वर्षातला. सातही कातरणं बायकोच्या कपड्यांची होती.

"वहिनींनीच ठेवायला लावल्या बिया. म्हणाल्या, 'ह्यांचा हट्ट मोडवत नाही, पण बी दोन घरी असावं. हे तुम्हाला काहीबाही बोलतील. तेवढं माझ्यासाठी ऐकून घ्या.'"

सात वर्षं! आजोबांना मान वर करवेना. "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तेही त्यांनीच जाण्याआधी बजावलं होतं. 'फळ हातात आल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर हे रडत बसतील आणि पेरायचं राहून जाईल.'"

आजोबांनी बशी बाईंच्या हातात दिली. "फार उपकार झाले, ताई," ते म्हणाले. "यंदाही बशी धुऊनच पाठवा."

मग ते तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. पेरून झालं होतं. आता हरकत नव्हती.