मंगळवारचा उपास

डब्याचं झाकण काही केल्या निघेना. शर्वाणी रोज ते मुद्दाम सैल लावायची. आज मात्र रस्सा सांडू नये म्हणून नवऱ्याने प्रेमाने गच्च दाबलं होतं.

बोटांतला संधिवात काही कायमचा जाणार नव्हता, आणि ऑफिसात तो कुणाला ठाऊक नव्हता. बाळंतपणाच्या मोठ्या रजेनंतर ती हल्लीच अर्धा दिवस ऑफिसात येऊ लागली होती. तिला पूर्ण वेळ घ्यायचं का, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते आणि ते समोरच जेवत होते. तिने सुजलेली बोटं टेबलाखाली घेतली.

"जेवत नाही तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारचा उपास आहे, सर."

"मघाशी चहाबरोबर खारी खाल्लीत की."



"एवढुसं लेकरू सांभाळताना वार कुठला लक्षात राहतोय, साहेब," शेजारच्या बेंद्रेबाई म्हणाल्या. साहेब हसत हात धुवायला गेले.

बेंद्रेबाईंनी पर्समधून चमचा काढून झाकणाच्या कडेखाली सरकवला. झाकण खट्कन सुटलं.

"मीही इथे पुष्कळ उपास केलेत," त्या हलकेच म्हणाल्या. "माझ्या बोटांचं कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून अजून हा चमचा घेऊन फिरते."

रश्श्याचा वास दरवळला, पण शर्वाणीने घास घेतला नाही. तिची नजर दाराकडेच होती.

"सुटला वाटतं उपास?" साहेब रुमालाला हात पुसत आत आले.

शर्वाणीने दोन्ही हात वर घेतले आणि डब्याशेजारी ठेवले.

"उपास नव्हता, सर," ती म्हणाली.