पुसला गेलेला प्रबंध

एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या: तिच्या कामाचं लिनक्स आणि नवऱ्याच्या प्रबंधाचं विंडोज. लिनक्स रुसलं म्हणून तिने ते नव्याने टाकायला घेतलं आणि घाईत डिस्कचा भलताच भाग पुसून बसली. नवरा कामावरून येताच तिने सांगून टाकलं.

"तुझा प्रबंध पुसला गेला माझ्याकडून. सहा वर्षांचा, सगळा. दुसरी कॉपी असेल ना रे कुठे?"

"नाही."

तो खुर्चीत टेकला. बुटांच्या नाड्या सोडल्या, पाय लांब केले आणि पोटातून श्वास सोडला.

"दोन वर्षांत त्यात एक ओळ लिहिली नव्हती गं. तुला सांगायचा धीर होत नव्हता, इतकंच. सुटलो."