मालकाची नाळ
गुलामी संपून आठवडा झाला नाही तोच कारभारी मिंबाच्या झोपडीपुढे घोड्यावरून गरजला, “म्हातारे, भाडं भर, नाहीतर चालती हो! जमीन मालकांची आहे.” जमैकातल्या त्या उसाच्या मळ्याचा मालक लंडनात पेढी चालवायचा, पार्लमेंटात बसायचा. गुलाम सुटले म्हणून सरकारनं नुकसानभरपाईही त्यालाच दिली होती. बेटावर त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मिंबानं कुदळ आणली आणि दारातल्या नीरफणसाच्या बुंध्याशी आपटली. “माझ्या चारही लेकरांच्या नाळा इथं पुरल्यात. आमच्यात ज्याची नाळ, त्याची जमीन. तुझ्या मालकाची मळ्यात कुठं पुरली असेल तर उकरून दाखव, भाडं देते!” कारभारी कुत्सित हसला. “चारही? मग लेकरं कुठायत?” तोवर शेजारच्या बायकाही कुदळी घेऊन दारांत आल्या. मिंबानं कुदळ त्याच्यापुढे धरली. “तुम्हीच विकलीत की! नाळा तेवढ्या विकायच्या राहिल्या. खण!”