आत्याचे मेल

घरच्यांच्या मेलसाठी त्याने स्वतःचा सर्व्हर उभारला होता. त्यात स्पॅम शिरत नाही, अशी चारचौघांत फुशारकीही मारायचा. एके सकाळी आत्या काळा चष्मा लावून दारात उभी राहिली. "डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोबत कुणीतरी या, म्हणून मेलवर मेल केले. उत्तर नाही. म्हटलं, फोन करून कशाला गळ घालायची? एकटीच गेले." "वन्सं, आम्हाला खरंच कळलं नाही," आई रडवेली झाली. त्याने गुपचूप सर्व्हर तपासला. आत्याच्या रोजच्या विनोदांना वैतागून त्यानेच तिचा पत्ता स्पॅममध्ये टाकला होता; तिचे सगळे मेल परस्पर अडत होते. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. "आत्या, तुझे मेल मीच अडवले होते." "का रे?" त्याची मान वर होईना. "रोजरोज कंटाळा यायचा." "मलाही यायचा रे, म्हणून तर पाठवायचे."