जड गोळी

"एक तोळ्याची गोळी नको! गेल्या वर्षी डुकराच्या खांद्यात रुतली आणि ते तसंच पळालं." बाबलकाकांनी माझ्या हातातला छोटा साचा हिसकावला.

"दोन तोळ्यांच्या गोळीनं ही ठासणीची बंदूक तुमचाच खांदा निखळवेल!"

आठ दिवस भांडून काकाच जिंकले. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं वितळवून सहा जड गोळ्या ओतल्या.

त्याच संध्याकाळी पोलीस पाटील आले. "निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा."

"आणि डुकरांना कुठे जमा करू?" काका ओरडले.

बंदूक रात्रीच ठाण्यात गेली. उजाडताच बघतो तर कळप पिकल्या भातात लोळतोय. काकांनी सहाही गोळ्या हातानंच भिरकावल्या. सगळ्या अर्ध्यातच पडल्या. एकाही डुकरानं मान वर केली नाही.

काका बांधावर मटकन बसले. "एक तोळ्याचीच हवी होती रे. लांब गेली असती."