शेवटच्याने फाटक लावायचं

मिसेस थ्वेट शेतातल्या चारचाकी फटफटीवरून उतरल्या त्या बोलतच. "शेवटी कोण होतं तुमच्यातलं? वरचं फाटक सताड उघडं आहे!"

ओढ्याकाठी तिघं फ्रूटकेकवर चीजचा तुकडा ठेवून खात बसली होती. मागे गडग्याला टेकवलेल्या त्यांच्या सायकली, बारीक टायरच्या, खाली वाकलेल्या हँडलच्या, चिखलाने पार रंग गेलेल्या. या सायकली डांबरी रस्त्यासाठी केलेल्या असतात हे मिसेस थ्वेटना माहीत होतं. या तिघांनाही माहीत होतं, पण गेली कित्येक वर्षं त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

"मेंढा घुसलाय आत, यंदाच्या कोवळ्या मेंढ्यांत. दोन महिने वेगळं ठेवलं होतं त्याला. छातीला अजून खुणेचा रंगसुद्धा लावला नव्हता, चढेल तिच्या पाठीला लागणारा. कुणाकुणावर चढला ते आता कसं कळायचं मला? फेब्रुवारीच्या बर्फात पिल्लं पडतील तेव्हा याल का तुम्ही, सायकलीवर?"

रेजीने हातातला केक खाली ठेवला आणि सिरिलकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

डोंगरातल्या वाटांचा नियम एकच. शेवटच्याने फाटक लावायचं. आणि शेवटचा माणूस म्हणजे सिरिल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सगळ्यांना पुढे जाऊ देणारे. आजही ओढ्यावर ते सगळ्यांच्या मागून आले, रेजीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

फक्त त्या फाटकातून ते शेवटी निघाले नव्हते. तिघांतल्या डिलिसने फाटक त्यांच्या हातातून घेतलं होतं. "तुमचा गुडघा दुखतोय. व्हा पुढे, मी लावते." गुडघ्याची काळजी होतीच, नाही असं नाही. पण सिरिल पुढे गेले की उतार मोकळा मिळेल, हेही होतं. फाटक बिजागरीवर खचलेलं. गुडघा देऊन वर उचलल्याशिवाय खिट्टी बसत नाही. तिच्या एका खांद्यावर सायकल. तिने फाटक ढकललं. ते खांबावर आपटल्याचा आवाज आला, खिट्टीचा आला नाही. तो आला नाही हे तिने नीट ऐकलं. आणि मग ती दगडधोंड्यांवरून सुसाट सुटली, अर्ध्या उतारावर सिरिलना ओलांडून. बावन्न वर्षांची बाई, शाळा सुटल्यासारखी ओरडत.

"बोला की!" मिसेस थ्वेट म्हणाल्या.

आत्ता. आत्ता म्हणायचं, असं डिलिसने ठरवलं. तोंडात केक होता. तो गिळेपर्यंत सिरिल उठून उभे राहिले, टोपी काढली.

"मी होतो. शेवटी नेहमी मीच असतो. माफ करा, बाई."

मिसेस थ्वेटनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. भांडायला आलेल्या बाईची पंचाईत झाली. "तरुण असता तर चांगली सुनावली असती," त्या म्हणाल्या. मग रेजीकडे वळून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा, "यांना एकटं मागे ठेवू नका हो." आणि फटफटी वळवून वर गेल्या.

"चालायचंच, सिरिल," रेजी म्हणाला. "मी तर एकदा चर्चमध्ये बायकोला विसरून आलो होतो."

"तू मुद्दाम विसरला होतास," सिरिल म्हणाले. रेजी मोठ्याने हसला आणि मेंढा बाहेर काढायला मदत करतो म्हणून फटफटीच्या मागून चढ चढू लागला.

सिरिलनी केक कागदात गुंडाळला. घडी दोनदा चुकली. "मार्गरीला कबूल केलंय मी," ते म्हणाले. मार्गरी त्यांची मुलगी. "डोंगरात ज्या दिवशी काही विसरेन, त्या दिवशी सायकल बंद. तिने लिहून मागितलं नव्हतं, पण शब्द तो शब्द."

"सिरिल, फाटक तुम्ही विसरला नाहीत. माझ्याकडे होतं ते."

त्यांनी वर पाहिलं.

"मीच म्हटलं, व्हा पुढे, मी लावते. तुमच्या हातातून घेतलं. खिट्टी बसली नव्हती आणि मला ते कळलं होतं."

मघाशी का गप्प बसलीस, असं ते विचारतील म्हणून ती थांबली. त्यांनी विचारलं नाही. ते आठवत होते. कपाळाला आठी घालून, नजर त्या वाटेवर, दगड दगड मागे जात असल्यासारखे.

"असं म्हणालीस तू? वर, फाटकापाशी?"

"हो."

"मला काही आठवत नाही, पोरी." ते हळूच म्हणाले. "मघाशी तिने विचारलं, तेव्हाही मी हेच शोधत होतो. लावलं की नाही लावलं. काहीच सापडेना, म्हणून हो म्हटलं. आता तू म्हणतेस की फाटक नव्हतंच माझ्याकडे. मग फाटक विसरलो नाही, तू बोललीस ते विसरलो. मार्गरीच्या लेखी फरक काय?"

"मी लगेच बोलले असते तर हा प्रश्नच निघाला नसता."

"निघाला नसता," ते म्हणाले. रागाने नाही. खरं होतं म्हणून.

वरून मिसेस थ्वेटची शिट्टी आणि रेजीची आरडाओरड ऐकू येत होती. मेंढा कुणालाच जुमानत नव्हता. सिरिलनी सायकल गडग्यापासून काढली, पण बसले नाहीत. खाली दरीपर्यंत सगळा उतार होता, खडीचा, मोकळा, या भागातला सगळ्यात सुरेख. या उतारावर ते कधी चालत गेल्याचं डिलिसने पाहिलं नव्हतं. आज ते हँडल धरून चालू लागले, एकेक पाऊल बघून टाकत.

तीही सायकल हातात धरून मागे चालू लागली. दहा पावलं गेल्यावर ते थांबले आणि वाटेच्या कडेला सरकले.

"माझ्यापायी कशाला चालतेस? हो पुढे. तुला उतार आवडतो."

ते जागा देऊन उभे होते. ती सायकलवर बसली. दोन्ही ब्रेक आवळून धरले, तरी चाकं खडीवरून घसरत तिला खाली नेतच राहिली.