कातरण

"म्हणजे ते तुम्ही काढून टाकणारच, आणि वर आम्हालाच विचारताय, दुसऱ्याला देऊ का म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सून मात्र पुरती गोंधळली. काचेपलीकडे तिची तान्ही चिमी मुठी आवळून झोपली होती. हृदयाला भोक. थोड्याच वेळात तिला ऑपरेशनला नेणार होते. नवरा रक्त द्यायला तळमजल्यावर गेलेला. त्याला फोन केला, तर म्हणाला, "आईला विचार." लग्न झाल्यापासून त्याचं हे एकच उत्तर. देवाने त्याच्या पदरात दुसरं घातलंच नव्हतं बहुधा.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हृदयासमोर थायमस नावाची एक मऊसर ग्रंथी असते. पडदा सारल्याशिवाय गाभाऱ्यात जाता येत नाही, तशी ती बाजूला केल्याशिवाय हृदयाला हात लावता येत नाही. तिचा बराचसा भाग कापावाच लागतो, आणि एरवी तो फेकून देतात. पण इथं एक बाळ आहे, ते ही ग्रंथी न घेताच जन्माला आलंय. साधी सर्दीही त्याच्या जिवावर बेतेल. आईने त्याचा अजून एकही मुका घेतलेला नाही. चिमीचा तो तुकडा नीट तयार करून त्या बाळाच्या मांडीत बसवायचा.

"मांडीत?" सून म्हणाली. "छातीतली वस्तू मांडीत?"

"मांडीतही ती आपलं काम करते."

"आणि आमच्या पोरीला नको का?"

"थोडा भाग ठेवतो. शिवाय तिचे बरेच शिपाई आधीच शिकून बाहेर पडलेत. आम्ही तिच्यावर लक्ष ठेवूच."

सुनेला काही उमगेना. मांडी काय, शिपाई काय! तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"डॉक्टर, आमचं शिवणाचं दुकान आहे," सासूबाई म्हणाल्या. "एकाचं कातरण दुसऱ्याच्या कपड्याला लागत नाही आमच्यात. बोटभर चिंधी उरली तरी ज्याची त्याला परत. मग घरच्या पोरीचं कातरण परक्याला कसं द्यायचं?"

हा नियम सुनेला चांगलाच पाठ होता. दुकानात बसायला लागली तेव्हा तिने एका झबल्याच्या खिशाला दुसऱ्या कुणाचा हिरवा तुकडा लावला होता. किती गोड दिसत होता! सासूबाईंनी तो टाका-टाका उसवला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे चालत असेल हे." तुमच्याकडे! वर्षं लोटली, मांडीवर नात आली, तरी भाजी खारट झाली की तुमच्याकडे, दार उघडं राहिलं की तुमच्याकडे.

आता हो म्हणावं तर घरात महाभारत. नाही म्हणावं तर त्या न पाहिलेल्या बाळाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. वेळ काढायला तिने विचारलं, "ते शिपाई शिकतात तरी काय तिथं?"

डॉक्टरीणबाई निरूपणाला बसावं तशा बाकावर टेकल्या. "रक्तातले कोवळे शिपाई तिथं येतात. टी-पेशी म्हणतात त्यांना. त्यांची दोनदा परीक्षा होते. घरातलं कुणी ओळखता येतं का, ही पहिली. ज्यांना कुणीच ओळखता येत नाही त्यांची विचारपूसही होत नाही, ते तिथंच वाळून जातात. मग अंगातल्या नाना वस्तूंचे नमुने त्यांच्यापुढे धरतात. त्या आपल्याच वस्तूंवर जो धावून जातो, त्यालाही बहुधा तिथंच संपवतात. शेवटी शंभरातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बाहेर पडतात."

"ओळखलं नाही तरी मरण, आणि अंगावर गेलं तरी मरण?" सून चक्रावली. "मग त्यांनी करायचं तरी काय, बिचाऱ्यांनी?"

"ओळख ठेवायची, आणि हात उगारायचा नाही."

सासूबाई इतका वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. ओठ थांबले. डोळे उघडले.

"त्या मांडीतल्या तुकड्यात शिकायला येणारे शिपाई कुणाचे?"

"त्या बाळाचे. त्याच्याच रक्तातले. शिकवणारं घर तेवढं चिमीचं."

"मग ते आपलं म्हणणार कुणाला?"

"दोघांनाही. त्या बाळाच्या पेशीही तिथं येऊन बसतात आणि आपली ओळख पटवून देतात. एक जन्माचं घर, एक शिकवणीचं घर. दोन्हींवर हात उचलायचा नाही. हे सगळं कसं जमतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. कधी चुकतंही. पण पुष्कळदा जमतं."

परिचारिका चाकांची खाट घेऊन आली. डॉक्टरीणबाई संमतीचा कागद आणि पेन पुढे करत उठल्या. "नाही म्हणालात तरी चिमीचं ऑपरेशन तसंच होईल, तितक्याच काळजीने. मनावर ओझं घेऊ नका."

सुनेच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. टोक कुठलं आणि गाठ कुठली, समजेना. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या हातात दिलं. दुकानातली कात्रीसुद्धा त्यांनी तिच्या हाती अशी कधी दिली नव्हती.

"कर सही."

"पण आई, कातरण ज्याचं त्याला..."

"कापडाचं निराळं गं," सासूबाई म्हणाल्या. "जन्माचं घर आणि शिकवणीचं घर, दोन्ही आपलीच म्हणत जगायचं, हेच तर तू आणि मी करत आलोय ना इतकी वर्षं?"